दिवाडी बेटावर एक दिवस: फेरीबोट, पोई आणि देवांची वाट

गोव्यात तुमच्या हाताशी चार दिवस असतील, तर त्यातला एक दिवस समुद्राकडे पाठ फिरवून मांडवी नदीला द्या, ही माझी मनापासून विनंती. मी रायबंदरला राहते. हिवाळा लागला की कोल्हापूर, सांगली, पुण्याहून नातेवाईक येतात. कळंगुट, बागा, आग्वाद हे सगळं त्यांनी आधीच पाहिलेलं असतं, नाहीतर दर्शन-बसवाल्याने एका दिवसात धावत दाखवलेलं असतं. ‘आता काय पाहू?’ असं वहिनी किंवा आत्याने विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे: दिवाडी. मांडवीच्या पात्रातलं हे बेट जुन्या गोव्याच्या अगदी समोर आहे. तिथे वाळूचा किनारा नाही, शॅक नाहीत. भातशेती, खारफुटी, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असलेली जुनी घरं आणि एक टेकडी, एवढ्यासाठी जायचं.

मी सुचवते तो फेरा असा: पणजीत न्याहारी, जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी, टेकडीवरचं चर्च, बेटावर जेवण, मग बेट ओलांडून उत्तरेकडच्या फेरीने डिचोली तालुक्यातलं नार्वे आणि तिथला सप्तकोटेश्वर. परत येताना आमोण्याचा पूल, खांडोळ्याचा महागणपती, माशेलची देवकीकृष्ण आणि बाणस्तारीवरून पणजी. हा क्रम मुद्दाम आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी तालुक्यातली, म्हणजे जुनं गोवं आणि ही बेटं आहेत त्या भागातली देवळं पाडली, तेव्हा लोकांनी आपले देव उचलले आणि नदीपलीकडे, पोर्तुगिजांची सत्ता नव्हती अशा मुलखात नेऊन ठेवले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला गेला, दिवाडीचा गणपती खांडोळ्याला, शेजारच्या चोडण बेटावरची देवकीकृष्ण माशेलला. ज्या पाण्यावरून ते देव गेले त्याच पाण्यावरून आपणही जायचं. नुसतं देऊळ पाहून ते कळत नाही, मध्ये नदी ओलांडावी लागते.

गाडी आणि तयारी

दुचाकी सगळ्यात बरी. भाड्याची घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलिसांनी अडवलं तर दिवस वाया जातो. हेल्मेट दोघांसाठी मागून घ्या. घरात वयस्कर कोणी असेल तर चारचाकी चालते, ती फेरीबोटीत चढते, फक्त तिकीट पडतं आणि गर्दीच्या वेळी रांगेत थांबावं लागतं. पायी माणसाला पैसे पडत नाहीत.

कोकण रेल्वेने येणाऱ्यांसाठी एक सोय फार कमी जण वापरतात: करमळी स्थानक जुन्या गोव्याला लागूनच आहे. मांडवी एक्सप्रेस तिथे थांबते. सामान पणजीत टाकायची घाई नसेल तर मडगावपर्यंत जाऊन उलटं यायचं कारण नाही. एकटे असाल तर ‘पायलट’ करा. मागे प्रवासी बसवून नेणारे आमचे हे मोटरसायकलवाले गोव्यात जुने आहेत, पिवळ्या मडगार्डवरून लगेच ओळखू येतात. भाडं आधी ठरवून घ्यायचं.

पेट्रोल पणजीतच भरा. रोख पैसे, पाण्याची बाटली, टोपी आणि एक मोकळी कापडी पिशवी जवळ असू द्या. पिशवी संध्याकाळी भरणार आहे. देवळं आणि चर्च दोन्ही पाहायची आहेत, तेव्हा खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला.

कधी यायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची असते. पण मला विचाराल तर ऑगस्टमधली दिवाडी खरी. शेतं हिरवीगार, आकाश खाली उतरलेलं, आणि चौथ्या शनिवारी बोंदेरां. त्या दिवशी वाड्यावाड्यांतून झेंडे घेऊन मिरवणूक निघते, पोरं बांबूच्या ‘फोताश’मधून रानफळांचा मारा करतात. गावच्या सीमेच्या भांडणांवरून लावलेले झेंडे लोक पाडत, त्याची ही आठवण, असं सांगतात. गर्दी प्रचंड असते. त्या दिवशी गाडी जुन्या गोव्यात ठेवून चालतच फेरीवर चढा.

सकाळचं खाणं

सात वाजता पणजीत हजर राहा. हॉटेलातला ‘कॉम्प्लिमेंटरी’ नाश्ता त्या दिवशी सोडा, इडली-पोहे तुम्हाला घरीही मिळतात. गोव्याची भाजी-पाव ही मुंबईच्या पावभाजीपेक्षा वेगळी चीज आहे. इथे भाजीचे प्रकार असतात: पातळ भाजी, सुकी बटाटा भाजी, टोमॅटो भाजी, अळसाण्यांची (चवळीसारख्या कडधान्याची). दोन मिसळून हवी असेल तर ‘मिक्स’ म्हणायचं. पातळ भाजीत ओल्या खोबऱ्याचं वाटण असतं, ती पावाने पुसून खायची. सोबत मिरची भजी आणि शेवटी एक बन्स. पिकलेल्या केळ्याच्या कणकेची ही गोडसर, टम्म फुगलेली पुरी चहाबरोबर खातात. कॅफे भोसले, कॅफे ताटो ही पणजीतली जुनी नावं. सकाळी तिथे कचेरीला निघालेली माणसं उभ्या उभ्या खाऊन जातात. टेबल अर्धं रिकामं दिसलं तर ‘बसू का?’ विचारून अनोळखी माणसासमोर बसायचं, इथे तशीच रीत आहे.

निघताना पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पोई हा गोव्याचा पाव घ्या. सायकलच्या मागे मोठी टोपली, त्यावर निळं प्लास्टिक आणि भोंग्याचा पों-पों आवाज, तो पोदेर. पोईला वरून कोंडा लागलेला असतो, आतून ती पोकळ असते. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने फुगवत, आता बहुतेक भट्ट्यांत यीस्ट असतं, पण लाकडाच्या भट्टीतून आलेली ताजी पोई अजूनही वासावरून कळते. चार-सहा घ्या. बेटावर भूक लागते आणि प्रत्येक वळणावर दुकान नसतं.

पणजीहून जुन्या गोव्याला जाताना बायपासने जाऊ नका, नदीकाठच्या रस्त्याने रायबंदरवरून जा. पणजी संपताच लागणारा तो सरळ, लांब रस्ता १६३० च्या दशकात खाजणातून, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या पाणथळ जमिनीतून, भर घालून बांधलेला पूल आहे, कोंद द लिन्यारिश नावाच्या व्हाईसरॉयच्या काळातला. तीन किलोमीटरहून लांब. डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं. आम्ही रोज या रस्त्याने ये-जा करतो आणि तरी भरतीच्या वेळी मी गाडीचा वेग कमी करते.

फेरी, खाजण आणि पक्षी

जुन्या गोव्यात पोहोचल्यावर मोह आवरा. बॉ जेझूची बासिलिका, से कॅथेड्रल, सांत आगुस्तीनचा मनोरा हे सगळं पाहायलाच हवं, पण त्यासाठी वेगळा दिवस काढा. आज फक्त एक कमान पाहायची, कारण फेरीच्या धक्क्याची वाटच तिच्याखालून जाते. वास्को द गामाच्या आगमनाला शंभर वर्षं झाली म्हणून त्याच्याच पणतूने, व्हाईसरॉय फ्रान्सिस्को द गामाने, ही कमान उभारली. नवा व्हाईसरॉय बोटीतून उतरला की हिच्याखालून शहरात शिरायचा. आताची कमान १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली आहे. तुम्ही उलट दिशेने, शहरातून नदीकडे जाणार आहात.

फेरीत चढायची रीत सोपी आहे. आधी उतरणाऱ्या गाड्या बाहेर येऊ द्या, मग दुचाक्या, मग चारचाकी. खलाशी हात दाखवेल तिथेच गाडी लावा, इंजिन बंद करा आणि चारचाकीतून खाली उतरून कठड्याशी या. पाण्यावरचा प्रवास पाच-सात मिनिटांचाच, तो काचेआड बसून घालवू नका. डोक्यावर ब्राह्मणी घार दिसेल, विटकरी अंगाची, पांढऱ्या डोक्याची. पाण्याच्या कडेला पाणकावळा पंख वाळवत बसलेला असतो.

पलीकडे उतरलं की रस्ता लगेच शेतात शिरतो. ही खाजण जमीन. इथे गाडी थांबवा आणि पंधरा-वीस मिनिटं चाला, कारण बेटावरचं सगळ्यात शहाणपणाचं काम इथे आहे आणि बहुतेक पर्यटक त्याच्याकडे न बघता टेकडीकडे पळतात. ही जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. नदीचं खारं पाणी बाहेर ठेवायला मातीचे बांध घातलेत, बांधाबाहेर खारफुटी वाढू दिली आहे म्हणजे लाटेचा मार बांधावर येत नाही. बांधात जागोजागी ‘मानस’ असते, लाकडी झडपांची मोरी. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरती आली की बाहेरचं पाणीच झडप दाबून बंद करतं. ना मोटर, ना वीज. शेकडो वर्षं कोमुनिदादींनी, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थांनी, हे बांध सांभाळले. या खारट मातीत कोरगुट नावाचं भात तग धरतं. भात कापल्यावर खाजणात मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, धरतात. बांध एकदा फुटला आणि वेळेत बांधला नाही तर शेत खारं होतं, मग काही हंगाम तिथे भात येत नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, बांधावर गाडी चढवू नका, मानशीच्या लाकडांवर उभे राहून फोटो काढू नका.

पक्ष्यांसाठी ओहोटी हवी. चिखल उघडा पडला की शेकाटे, तुतवार, बगळे, कुदळे खाली उतरतात आणि चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात. ओहोटीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशोब पुरतो: तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, आलेला आकडा म्हणजे भरतीचा तास. तृतीया असेल तर तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती म्हणजे त्याच्या सहा तास आधी, सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. द्वितीया ते चतुर्थी, शुक्ल किंवा कृष्ण, कुठलाही पक्ष चालेल, सकाळच्या फेरीसाठी हे दिवस उत्तम. नदीत आत आल्यावर वेळ थोडी पुढेमागे होते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं.

पक्ष्यांचा खराच नाद असलेल्यांनी दिवाडीऐवजी चोडण निवडावं. रायबंदरहून वेगळी फेरी जाते, आणि उतरल्यावर जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, पावणेदोन चौरस किलोमीटरची सगळी खारफुटी. पण दोन्ही बेटं एका दिवसात उरकायला जाऊ नका.

टेकडीवर

पिएदाद गावातल्या टेकडीवर नोसा सेन्योरा द पिएदाद, म्हणजे करुणामयी मातेचं पांढरं चर्च आहे. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी काळजी करू नये. आताची इमारत अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा आत फिरू नका, बाहेर थांबा.

चर्चसमोरच्या सपाटीवरून दक्षिणेला बघा. माडांच्या वर जुन्या गोव्याचे मनोरे, खाली मांडवी, तिच्यात पुढेमागे करणारी तुमचीच फेरीबोट, आणि कोकण रेल्वेचा मार्ग. एके काळी लाखावर वस्तीचं शहर होतं म्हणतात ते तिकडे. साथी आल्या, लोक सोडून गेले आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला हलली. इथे उभं राहून मुलांना तो इतिहास सांगितला तर पुस्तकापेक्षा पटकन समजतो. माझ्या आतेभावाच्या मुलीने इथे बसून वहीत ते सगळं रेखाटलं होतं. पाण्याच्या बाटल्या आणि पोई इथेच उघडा, सावली आहे. कचरा पिशवीत परत घ्या.

चर्चच्या जवळच्या दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे. त्यात कदंबकालीन कोरीव दगडी कामाचे अवशेष आहेत. इथे पूर्वी गणपतीचं देऊळ होतं असं मानतात. हाच गणपती संध्याकाळी खांडोळ्याला भेटणार आहे. ती आजही चालती दफनभूमी आहे, लोकांची माणसं तिथे विसावली आहेत. आवाज खाली ठेवा, थडग्यांवर टेकू नका, कोणाचे अंत्यसंस्कार चालू असतील तर आत जाऊच नका.

खाली उतरताना गावातून हळू चला. बाल्कांव, म्हणजे दाराबाहेरचा दगडी बाकांचा ओटा, त्यावर आजी-आजोबा बसलेले असतात. हात वर करून ‘देव बरी सकाळ दिवं’ म्हणालात की तोंडभर हसून उत्तर येतं. घराचा फोटो हवा असेल तर विचारून काढा. खिडक्या जवळून बघा: काच महाग होती तेव्हा शिंपल्यांचे पातळ पापुद्रे घासून लाकडी चौकटीत बसवत, त्यातून येणारा उजेड दुधाळ असतो. अशी तावदानं आता एकेक करून निघत चालली आहेत, म्हणून जिथे दिसतील तिथे मनसोक्त बघून घ्या.

जेवण

साडेबाराला जेवायला बसा. बेटावर खानावळी मोजक्या आहेत, माणसं जास्त असतील तर सकाळी येता-जाताच सांगून ठेवा. दुपारी एक ते चार गोवा झोपतो, त्या वेळेत दुकान उघडं मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

शीत-कडी मागा, म्हणजे नुस्त्याची, माशांची थाळी. जाड उकडा तांदूळ, हुमण (माशाची आमटी), तळलेला मासा, किसमूर, एखादी भाजी, सोलकढी. बांगड्याच्या हुमणात तिरफळ असतं, ते चावायचं नाही, बाजूला काढायचं. किसमूर म्हणजे सुकी सुंगटं भाजून, चुरून, ओलं खोबरं, कांदा आणि कोकम घालून कालवलेली. भातावर चिमूट-चिमूट घेऊन खातात. तळायला काय आहे विचारा. मुड्डोशी असेल तर विचार करू नका, घ्या. नाजूक, गोड मासा, रव्यात तळलेला. नदीतला शेवटो किंवा चणक मिळाला तर तोही. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुरमई-पापलेटचा हट्ट धरू नका, नदीचं नुस्तें आणि सुकं खा, तोच त्या दिवसांचा खरा स्वयंपाक.

शाकाहारी मंडळींनी उपाशी राहायची गरज नाही. अळसाण्यांचं तोणाक विचारा, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातलं हे कडधान्य पोईबरोबर फार सुंदर लागतं. नशीब असेल तर खतखतें मिळेल, पाच-सात भाज्या, तूरडाळ आणि तिरफळाचं. आमच्या घरी सोमवारी नुस्तें शिजत नाही, तेव्हा हेच शिजतं, आणि कोणाला काही कमी पडत नाही.

जेवण झाल्यावर लगेच निघू नका. सावली बघून तासभर आडवे व्हा. उन्हात पुढचं देऊळ पाहण्यात अर्थ नाही, गाभाराही दुपारी बंद असू शकतो.

नदीपलीकडे

तीनच्या सुमारास बेटाच्या दुसऱ्या टोकाला निघा. बेटावरही एक नार्वे गाव आहे, पलीकडच्या डिचोलीतल्या नार्व्याहून वेगळं; तिथे सप्तकोटेश्वराच्या मूळ देवळाची जागा आणि कोटीतीर्थाची तळी आहे. गावात कोणालाही विचारा, दाखवतात. गोव्याच्या कदंब राजांचं हे कुलदैवत. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख आहे. चौदाव्या शतकात बहमनी फौजांनी देऊळ पाडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभं केलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पुन्हा पाडलं. त्या वेळी भक्तांनी लिंग नदीपलीकडे नेलं. आज तिथे बघायला फार काही उरलेलं नाही. पायऱ्या आहेत, पाणी आहे, झाडी आहे. तरीही थांबाच. इथून निघून पलीकडे गेलात तरच पुढचं देऊळ नीट कळेल.

बेटावरच्या नार्व्याच्या धक्क्यावर पोहोचलात की सगळ्यात आधी खलाशाला विचारा, पुढची फेरी कधी आणि शेवटची कधी. जुन्या गोव्याच्या बाजूला बोटी सारख्या सुटतात, इथे दुपारी दोन फेऱ्यांमध्ये वेळ जातो. पात्र अरुंद आहे. पाहता पाहता पलीकडे.

धक्क्यापासून थोड्याच अंतरावर, झाडीत उतरत जाणाऱ्या वाटेने श्री सप्तकोटेश्वराचं देऊळ येतं. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा इथे पाय अडखळतो. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, आणि शिवरायांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाल्याची नोंद आहे. म्हणजे इ. स. १६६८. नदीच्या त्या काठावर पोर्तुगीज सत्ता, आणि या काठावर महाराजांनी देऊळ बांधायला काढलं. तुम्ही आत्ताच ते पात्र किती थोड्या वेळात ओलांडलं हे आठवा, मग त्या निर्णयाचं धाडस कळतं. माझे सासरे इथे आले की शिलालेखासमोर टोपी काढून उभे राहतात.

देऊळ आकाराने लहान आहे. उतरती कौलं, वर अष्टकोनी गळ्यावरचा घुमट, समोर दीपस्तंभ. आतलं लिंग पैलूदार आहे, त्याला धारालिंग म्हणतात. राज्य सरकारने जीर्णोद्धार करून २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुलं केलं, त्यामुळे भिंतींचा रंग नवा वाटेल. गाभाऱ्यात फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा. गोकुळाष्टमीला इथे नदीस्नानाला मोठी गर्दी लोटते, तो दिवस साधला तर जत्रा पाहायला मिळेल, शांतता मिळणार नाही.

इथून बेटावर परतू नका, रस्त्याने आमोण्याकडे वळा. आमोण्याचा पूल ओलांडला की खांडोळे. महागणपतीचं देऊळ हिरव्या दरीच्या कडेला आहे, दुपार उतरताना तिथे गार असतं. दिवाडीहून निघालेला हा गणपती सरळ इथे आला नाही, वाटेत खांडेपार आणि नार्वे करत आला. सकाळी टेकडीवर ते चॅपेल पाहिलेल्या माणसाने इथे नमस्कार केला की त्याला काही सांगावं लागत नाही.

पुढे माशेल. देवकीकृष्णाचं देऊळ पाहा. कृष्णाची देवळं पुष्कळ आहेत, पण आईबरोबरचा कृष्ण क्वचित. ही चोडणहून मयेमार्गे इथे आलेली देवता. आषाढात याच देवळासमोरच्या मैदानात चिखलकालो होतो, पावसात भिजलेल्या मातीत म्हातारे-पोरं एकत्र लोळतात, खेळतात. देवळात दहा मिनिटंच थांबलात तरी चालेल, मन भरलेलं असतं आणि अंधारही पडत येतो.

संध्याकाळ आणि पिशवी

बाणस्तारीचा पूल ओलांडून जुन्या गोव्यावरून पणजीत सातपर्यंत पोहोचता. आता गाड्यावरचं रोस ऑम्लेट. कांदा-मिरचीचं ऑम्लेट, त्यावर भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा गरम शाकुतीचा रोस ओततात, वर कच्चा कांदा, लिंबू, बाजूला पाव. रोस कोंबडीचा असतो, अंडं खाणाऱ्या पण मांस न खाणाऱ्या पाहुण्यांना हे आधी सांगा. रोस संपत आला तर ‘थोडो आनीक’ म्हणा, बहुतेक गाडेवाले हात आखडत नाहीत.

मग गोड. बेबिंका घेताना डब्यावरच्या चित्राला भुलू नका, कडेने बघा. थर एकमेकांपासून वेगळे दिसले पाहिजेत, मधे तपकिरी रेघ हवी. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर, मैदा, तूप आणि जायफळ, एवढंच त्यात असतं. एक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची धग देऊन भाजायचा, तूप लावायचं, पुढचा थर ओतायचा. सात थर तरी हवेत, त्यासाठी अर्धा दिवस जातो. म्हणून घरगुती बेबिंका स्वस्त नसते आणि तिचा भाव करू नये. तिच्यात अंडं आहे हे घरच्यांना सांगायला विसरू नका. अंडं चालत नसेल तर दोदोल घ्या: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ तासन्‌तास घोटून केलेला. पेरूचा पेरादा मुलांना आवडतो आणि प्रवासात टिकतो. खाजें घ्यायचं असेल तर ते जत्रेच्या दुकानातून ताजं घ्या, आल्याचा झटका ताज्यातच असतो.

दोदोल मऊ असतो, पिशवीत सगळ्यात वर ठेवा. बेबिंका गाडीत उन्हाला ठेवू नका, घरी पोहोचल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये किंचित कोमट करा, तूप सुटलं की थर मोकळे होतात. पोई उरली असेल तर दुसऱ्या दिवशी पाण्याचा हात लावून तव्यावर झाकण ठेवून गरम करा. रेल्वेत खायला ती आणि गाड्यावरून बांधून घेतलेली सुकी भाजी पुरते.